बर्फ कुणाचा?

पहाटेचे चार वाजलेत. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर तुम्ही साध्या सदऱ्यात उभे आहात आणि जानेवारी असूनही कुडकुडत नाही. हा समुद्र हवेला पुरतं गार होऊच देत नाही. समोर काळोखात किल्ल्याचं बेट. पाठीमागून टेम्पो उलटा येतो, फाळका धाडकन पडतो आणि गोणपाटाखालून बर्फाच्या लाद्या सरकू लागतात. एक खलाशी आकड्याने लादी ओढतो, दुसरा ढकलतो. "ए, पाय सांभाळ!" हे तुम्हालाच. लादी फोडायच्या यंत्रात गेली की कुणाचंच बोलणं कुणाला ऐकू येत नाही. चुरा टोपल्यांत, टोपल्या होडीत, होडीतून बोटीच्या कप्प्यात. किती लाद्या घ्यायच्या याचा हिशोब नाखवाच्या डोक्यात पक्का असतो. कमी पडल्या तर पापलेट मऊ पडणार, जास्त घेतल्या तर पैसे वितळून समुद्रात जाणार.

एक लादी जवळून बघा. कडा काचेसारख्या आरपार, मधोमध मात्र पांढरा पट्टा. कारखान्यात पाण्याने भरलेले पत्र्याचे डबे मिठाच्या गार पाण्यात उभे करतात. पाणी बाहेरून आत गोठत जातं, त्यातली हवा मध्याकडे ढकलली जाते आणि शेवटी तिथेच कोंडते. हा पांढरा पट्टा ध्यानात ठेवा, लेहमध्ये कामाला येईल.

कारण तुम्हाला लेहलाच जायचंय, एका संघाला भेटायला. भारताचा महिला आइस हॉकी संघ. त्यातल्या बहुतेक सगळ्या लडाखच्या मुली, आणि सगळ्या हौशी. सरळ विमानाने गेलात तर खेळ दिसेल, पण त्यामागचं भांडण दिसायचं नाही. ते भांडण जुनं आहे, आणि ते खेळाचं नसून मालकीचं आहे. म्हणून आपण वळसा घेऊ. आपल्या किनाऱ्यावर बर्फ माशांखाली असतो, पायाखाली नसतो. तो पायाखाली यायला किती वाटा चालाव्या लागल्या ते आधी बघा. तळवा लादीवर ठेवा. गार, मग बधिर, मग भाजल्यासारखं. आता सोडा.

१८३४. मुंबई. बॉस्टनहून चार महिन्यांचा प्रवास करून आलेल्या गलबतातून बर्फ उतरतोय, लाकडाच्या भुशात गाडलेला. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने हा उद्योग मांडला आहे. तिकडच्या तळ्यांवर थंडीत घोडे जुंपून, नांगरासारख्या दातेरी अवजाराने बर्फाचे चौकोन आखतात, करवतीने सुटे करतात आणि जहाजात रचतात. विषुववृत्त दोनदा ओलांडूनही त्यातला बराचसा टिकतो. कारखान्याची लादी जन्माला यायला अजून कित्येक वर्षं आहेत. तुम्ही गर्दीत मान उंचावून बघता. हमाल बर्फ उचलतात आणि पटकन खाली ठेवतात. इतकं गार काही त्यांनी कधी धरलेलं नाही.

त्याच वर्षी जमशेटजी जीजीभाई (सर व्हायला अजून आठ वर्षं आहेत) घरच्या मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम वाढतात. दुसऱ्या दिवशी यजमानांसकट काही जणांना सर्दी होते आणि मुंबई समाचार त्यावर टोमणा मारतो: परदेशी गार पदार्थ खायची हौस, भोगा फळं. मेजवानीत तुम्हाला अर्थातच आमंत्रण नाही. तुम्ही दाराबाहेर थांबता. पुढे गोदीजवळ या बर्फासाठी खास कोठी बांधली जाते. आज तिथे कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे. कोठीचा दरवाजा जाड, कुलूप त्याहून जाड.

इथे फार थांबत नाही. बर्फ आला तो श्रीमंतांच्या ताटात आला, एवढं पाहिलंत की पुरे.

३ मार्च १८७५, माँट्रियल. व्हिक्टोरिया स्केटिंग रिंक या बंदिस्त दालनात तुम्ही बाकावर दाटीवाटीने बसला आहात. गॅसचे दिवे, लाकडी छत, आणि खाली सलग गोठलेलं आवार. आजवर हा खेळ कॅनडात तळ्यांवर मोकळा चालायचा, कितीही जणांनी, कसाही. आज पहिल्यांदा छपराखाली, ठरवून, एका बाजूला नऊ गडी. जेम्स क्रायटन नावाच्या हॅलिफॅक्सहून आलेल्या तरुण अभियंत्याने हा घाट घातला आहे. चेंडू उसळून प्रेक्षकांच्या तोंडावर बसू नये म्हणून त्याने चेंडूऐवजी लाकडाची चपटी चकती आणली आहे. तिची पुढे रबराची झाली: तीन इंच रुंद, एक इंच जाड, हातात घेतली तर वाटते त्यापेक्षा वजनदार.

खेळ बघा. मैदानी हॉकीत गडी पळतो, थांबतो, वळतो. इथे थांबणं हीच मोठी विद्या आहे. पोलादी पात्याची कड बर्फात आडवी रुतवली की गडी थांबतो आणि किसाचा फवारा उडतो. ते जमलं नाही तर गडी कठड्यावर आदळून थांबतो. क्रायटनचा संघ २-१ ने जिंकतो. आणि मग, टाळ्या संपायच्या आत, मारामारी. खेळाडूंची आपसात नव्हे. रिंकवर नेहमी स्केटिंग करणाऱ्या सभासदांना आपली जागा अडवल्याचा राग आलेला असतो. डोकी फुटतात, बाक मोडतात, बायका घाबरून बाहेर पळतात. तुमच्या बाकाचा पाय गेला. पहिल्याच सामन्यातलं भांडण गोलावरून झालं नाही, बर्फ कुणाचा यावरून झालं. मला ही गोष्ट गोलांपेक्षा महत्त्वाची वाटते.

१९२०. सिमला. लक्कड बाजाराखाली टेनिसचं कोर्ट. ब्लेसिंग्टन नावाच्या साहेबाच्या ध्यानात आलंय की डिसेंबरात बाहेर ठेवलेलं पाणी सकाळपर्यंत दगड होतं. मग कोर्टावरच पाणी ओतलं तर? रात्री पाणी मारतात, सकाळी आरसा तयार. यंत्र नाही, अमोनिया नाही, आकाश निरभ्र असलं की झालं. दक्षिण आशियातलं सगळ्यांत जुनं बर्फाचं रिंगण ते हेच. क्लब निघतो, सभासदांची वही निघते. तुम्ही पुढे होता तर तुमच्या हातात बादली देतात. स्केट देत नाहीत. रात्रभर पाणी वाहणाऱ्यांनी सकाळी काठावरून बघायचं असतं. तुमच्या शेजारचा पहाडी हमाल बोटं काखेत घालून हसतो. साहेब पडला की तो जास्त हसतो.

बादलीचा कान बोटांना चिकटलाय, तो तसाच धरून ठेवा.

आता लेह, १९७०च्या दशकातली थंडी. उंची साडेतीन हजार मीटर. पहिली दहा पावलं चालता आणि छाती भात्यासारखी हलू लागते. घाई करू नका. गावाच्या वरच्या अंगाला कारझूचं तळं आहे. उन्हाळ्यात साधा पाणसाठा, आता पांढरं अंगण. रात्री पारा शून्याखाली पंधरा-वीस अंशांवर उतरतो. रस्ते बंद, शेती बंद, शाळांना सुट्टी. चार महिने माणसांनी करायचं तरी काय? बुखारीच्या शेगडीपाशी बसून मिठाचा गुरगुर चहा प्यायचा, लग्नं लावायची, मठांतले उत्सव करायचे. आणि आता लष्कराने एक नवीन उद्योग आणलाय.

जवान तळ्यावर उतरलेत. लष्करी बुटांच्या तळाला लोखंडी पाती ठोकून स्केट बनवलेत. हेल्मेट नाही, गोलरक्षकाच्या पायाला मिळतील ते पॅड. तुमच्या शेजारी एक हवालदार उभा आहे, कानटोपीतून फक्त मिशा दिसतात. त्याचं बोलणं ऐकून तुम्ही दचकता.

"काय पाव्हणं, कुठलं?"

"अर्नाळा. विरारजवळ."

"आम्ही साताऱ्याकडचं. ह्यो खेळ बघून घ्या. आमच्याकडं कबड्डीला माती लागती, हितं पडलं की मातीसुद्धा मऊ वाटती."

लडाख स्काउट्समधले स्थानिक जवान मात्र लवकर शिकतात. त्यांना बर्फावरून चालायची लहानपणापासून सवय. काठावर गावातली पोरं जमतात, मग संध्याकाळी जवान गेल्यावर तीच पोरं घरी केलेली पाती बांधून उतरतात. १९८५ मध्ये लडाख विंटर स्पोर्ट्स क्लब निघतो. पोलिसांचा संघ, सैन्याचा संघ, गावागावांचे संघ. स्पर्धा सुरू होतात. १९८९ च्या एप्रिलमध्ये भारताची आइस हॉकी संघटना आंतरराष्ट्रीय महासंघाची सभासद होते. सभासद झालो खरे, पण पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळायला २००९ उजाडलं, आणि तोही कुठे? अबू धाबीत, वाळवंटात. आपल्याकडे हिमालय, त्यांच्याकडे वीज आणि पैसा. बाराही महिने टिकणारा बर्फ विजेचा असतो.

जाता जाता एक उलटी उडी मारतो, कारण ती आपल्या घराजवळची आहे. सदस्यत्व मिळालं त्याच १९८९ साली वसईच्या खाडीपलीकडे गोराईला एस्सेलवर्ल्ड उघडलं. पुढे तिथे बर्फाचं स्केटिंगचं रिंगण झालं आणि शाळेच्या सहलीतल्या पोरांनी भाड्याचे बूट घालून, कठडा दोन्ही हातांनी धरून, आयुष्यात पहिल्यांदा बर्फावर पाय ठेवला. तुम्हीही कदाचित त्यांतले असाल. बाहेर घामाच्या धारा आणि आत नाक गळतंय, हे आठवत असेल. तो बर्फ तिकिटावर मिळायचा. वेळ संपली की शिट्टी. हॉकीचा संघ तशाने उभा राहत नाही. संघाला रोज तोच बर्फ लागतो, पुन्हा पुन्हा, पडायला.

परत लेहला चला. साल २०१४-१५च्या आसपासचं. इथे मुक्काम करायचाय, तेव्हा गोंचा अंगावर घ्या. तो लोकरी झगा कमरेला घट्ट बांधला की वारा आत शिरत नाही.

रात्रीचे अकरा. तळ्यावर सहा-सात मुली, दोन मुलगे आणि एक लांबलचक रबरी पाइप. "जुले," एक जण म्हणते आणि काही न विचारता पाइपचं मधलं वेटोळं तुमच्या खांद्यावर टाकते. इथे पाहुणा असा प्रकार नाही. दिवसभरच्या खेळाने तळ्याच्या पाठीवर ओरखडे, खळगे, भेगा पडल्या आहेत. आधी फावड्याने भुगा लोटायचा. मग भेगांत ओला बर्फ दाबून भरायचा, गवंडी सांधे भरतो तसा. मग पाणी. तुम्ही जोशात पाइप खाली धरता आणि एकाच जागी पाण्याचं थारोळं करता.

"असं नको," ती हिंदीत ओरडते. "पातळ, पातळ!"

का, ते तुम्हाला सकाळी कळेल. जाड थर ओतला की तो वरून आधी गोठतो, आत पाणी आणि हवा कोंडते आणि पांढरी पोकळ खपली तयार होते. अर्नाळ्याच्या लादीत तो पांढरा पट्टा बिनत्रासाचा होता. माशाला काय फरक पडतो? इथे त्या खपलीवर स्केटचं पातं पडलं की ती फुटते, पातं अडकतं आणि घोटा मुरगळतो. म्हणून एक थर बोटभर नव्हे, नखभर. तो गोठेपर्यंत थांबा. पुन्हा नखभर. मध्येच पाणी थांबलं तर पाइप आतून गोठतो, म्हणून काम थांबताच तो उंच धरून सगळं पाणी निथळायचं. तुम्ही हे विसरता. अर्धा तास पाइप कोमट पाण्याने सोडवण्यात जातो आणि तुम्हाला कुणी काही बोलत नाही, हे बोलण्यापेक्षा वाईट.

दोन वाजता सगळ्या एका खोलीत बुखारीभोवती बसतात. खंबीर रोटी, चहा. इथे कळतं कोण काय करतं. एक कॉलेजात शिकते, एक शाळेत शिकवते, एक उन्हाळ्यात पर्यटकांना ट्रेकला नेते. सिंधूकाठच्या फे गावात सेकमॉल ही संस्था आहे, सोनम वांगचुक आणि सोबत्यांनी १९८८ मध्ये सुरू केलेली. तिथल्या तळ्यावर मुलींनी काठी हातात घ्यायला या शतकाच्या सुरुवातीला आरंभ केला. पहिल्यांदा लोक हसले. मग आया म्हणाल्या, तोंडाला लागलं तर लग्न कसं होणार? ही काळजी लडाखीत व्यक्त झाली, पण तुम्हाला तिचं भाषांतर लागत नाही.

संघाच्या गोलरक्षक नूर जहान यांची ओळख करून घ्या. त्यांचा खरा व्यवसाय जुन्या भित्तिचित्रांच्या आणि थांगका या पटचित्रांच्या जतनाचा. मठांच्या भिंतीवरचा शतकांपूर्वीचा रंग सुटू नये म्हणून त्या ब्रशच्या टोकाने काम करतात. पुढे त्यांनी त्यासाठी शेसरिग लडाख ही संस्थाच काढली. तेच हात गोलाच्या तोंडाशी जाड हातमोज्यात. दिवसभर भिंत पडू नये म्हणून धडपडायचं आणि संध्याकाळी स्वतःच भिंत व्हायचं, हे मला लिहायला सोपं आहे. त्यांच्या खांद्यांना विचारा.

सकाळ. रात्री तुम्ही घातलेला बर्फ निळसर, तुकतुकीत झाला आहे. तुमचा तो थारोळ्याचा डाग तेवढा पांढरा. आता खेळायचं? नाही. पहिल्यांदा पुरुषांचे संघ. साडेसात ते नऊ एक, मग दुसरा. मुली काठावर बसतात, बूट बांधून. सूर्य डोंगरावर येतो. इथलं ऊन विलक्षण आहे, सावलीत उणे दहा आणि उन्हात गाल भाजतात. अकराच्या पुढे बर्फाचा वरचा पापुद्रा मऊ पडू लागतो, त्यावर पाणी दिसतं. तेव्हा हाक येते: या, आता तुमची वेळ.

म्हणजे रात्री बर्फ कुणी घातला आणि सकाळचा कडक बर्फ कुणाला मिळाला, ते पाहिलंत. ओरखडलेला, मऊ, उरलेला बर्फ मुलींचा. सिमल्याची बादली आठवते का? पुरुषांवर मी सगळा राग काढणार नाही; त्यांनाही वर्षाकाठी दोनच महिने मिळतात, डिसेंबर संपता संपता ते फेब्रुवारी निम्मा. त्यांतल्याच काहींनी या मुलींना स्केट बांधायला शिकवलं. पण वाटणी ती वाटणी.

सामानही तसंच. परदेशी पाहुण्यांनी दिलेल्या जुन्या पेट्या उघडल्या जातात. बूट पुरुषांच्या मापाचे, मग दोन-दोन मोजे. एक संघ बाहेर आला की हेल्मेट उतरवून दुसऱ्या संघाला; आतून ओलं, गरम. तुम्हालाही एक जोडी मिळते. उभे राहा. गुडघे वाकवा, वजन पुढे. नाही, पुढे. आता तुम्ही आकाश बघताय. "अचे-ले," एक लहान मुलगी तुमच्याकडे बोट दाखवून मोठ्या बहिणीला काहीतरी सांगते आणि काठ हास्यात बुडतो. उठायची रीत अशी: आधी एक गुडघा, मग त्यावर दोन्ही हात.

मार्च २०१६, तैपेई. चॅलेंज कप ऑफ एशिया. भारतीय महिला संघाची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा. विमानाच्या तिकिटांसाठी लोकांकडून वर्गणी काढावी लागली आहे. आपल्याकडे गणपतीची वर्गणी निघते तशीच, फक्त इंटरनेटवर. दालनात शिरताच मुली क्षणभर थांबतात. साठ मीटर लांबीचं पूर्ण मापाचं रिंगण, यंत्राने गुळगुळीत केलेलं, भोवती उंच कठडे. मॉलमधल्या तुकड्यावर सराव झाला होता, पण असं काही घरच्या बर्फावर नव्हतं. घरी चकती मोकाट सुटली की तळ्याकाठच्या ढिगात जाऊन रुतायची. इथे ती कठड्यावर आपटून वळते आणि नेमकी प्रतिस्पर्ध्याच्या काठीवर येते. कोन समजेपर्यंत गोल झालेला असतो. सामन्यांतले बारकावे सांगत बसत नाही. हरल्या, सगळे हरल्या.

यावर कुणी नाक मुरडलं तर त्याला १९०५ च्या ओटावात घेऊन जा. कॅनडाच्या पार वायव्य टोकाच्या डॉसन सिटीतून सोन्याच्या खाणींतली माणसं संघ करून निघतात. बर्फातून पायी, कुत्र्यांच्या गाड्या, मग आगबोट, मग आगगाडी, चार हजार मैलांच्या घरात. स्टॅनले चषकासाठी. पहिला सामना ९-२ ने हरतात. दुसरा २३-२ ने. एका डोळ्याने आंधळा असलेला फ्रँक मॅगी एकटा चौदा गोल घालतो. आणि आजही कॅनडात त्या विजयी संघाइतकंच या हरलेल्यांचं नाव निघतं. मुलींनी तैपेईत काय मिळवलं ते गोलफलकावर नव्हतं: कठड्याचे कोन. ते डोक्यात भरून परत आल्या.

मार्च २०१७, बँकॉक. आधी किर्गिझस्तानात सराव झालाय. समोर फिलिपिन्स. तुम्ही राखीव बाकावर दाराशी बसलात. काम एकच, मुली धापा टाकत आल्या की दार उघडायचं, ताज्या बाहेर सोडायच्या. या खेळात गडी चाळीस-पन्नास सेकंदच बर्फावर टिकतो, तेवढ्यात दम निघतो. इथेच लडाखचं वेगळेपण दिसतं. साडेतीन हजार मीटरवर धावलेली फुप्फुसं समुद्रसपाटीवर आलीत. तिसऱ्या सत्रात समोरच्या मुली कमरेवर हात ठेवून उभ्या राहतात, आपल्या नाही. गोल होतात, फिटतात. दार उघड, दार लाव. तुम्हाला फलक बघायला वेळ नाही. एकदा दार उघडायला उशीर होतो आणि तुमच्या नावाने लडाखीत काहीतरी उद्धार होतो. शिट्टी.

४-३.

भारताचा महिला संघ पहिल्यांदा जिंकला. या स्पर्धांत जिंकणाऱ्या देशाचं राष्ट्रगीत वाजतं. मुली निळ्या रेषेवर रांगेत उभ्या राहतात, हेल्मेट हातात. तैपेईत त्यांनी दुसऱ्यांची राष्ट्रगीतं ऐकली होती, रोज. आता 'जन गण मन' सुरू होतं आणि अर्ध्या रांगेचं रडू आवरत नाही. तुम्ही दाराला धरून उभे, बर्फावर पाय ठेवायची परवानगी नसलेले, पण उभे. त्याच स्पर्धेत मलेशियालाही ५-४ ने हरवलं. दोन्ही विजय एकेका गोलाचे. सहज काही मिळालं नाही.

मग गोष्टी भराभर घडतात. जानेवारी २०१८ मध्ये हेली विकेनहायझर लेहला येते. ऑलिंपिकची चार सुवर्णपदकं जिंकलेली कॅनडाची खेळाडू, आइस हॉकीतलं दैवतच. ती त्याच तळ्यांवर उतरते, मुलींना शिकवते, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांना कॅल्गरीला आपल्या महोत्सवात बोलावते. ज्या देशात हा खेळ छपराखाली आला तिथे लडाखच्या मुली त्याच्या जाणत्या लोकांसमोर खेळतात. २०१९ मध्ये लडाख केंद्रशासित होतो. २०२४ मध्ये खेलो इंडियाची हिवाळी स्पर्धा पहिल्यांदा लेहमध्ये भरते, आणि गावातल्या एनडीएस मैदानात विजेवर गोठणारं रिंगण उभं राहतं. ते हवंच होतं. हिवाळे आखडत चाललेत. तळं गोठायला उशीर होतो, वितळायला घाई होते, आणि नखभर थर देणाऱ्यांच्या रात्री कमी होतात. विजेच्या रिंगणाला वेळापत्रक असतं, भिंतीवर लावलेलं, छापील. त्यात महिलांचा रकाना आहे की नाही हे बोट ठेवून दाखवता येतं. काठावर बसून हाकेची वाट बघण्यापेक्षा हे बरं, असं मला वाटतं. तळ्यावर भांडायला कागद नव्हता.

आता शेवटची उडी. जून २०२५, अल ऐन, संयुक्त अरब अमिराती. बाहेर खजुराची झाडं उन्हात करपताहेत. आत तुम्ही गोंचाच घालायला हवा होता. आशिया चषक, महिलांचा. भारताच्या गळ्यात कांस्यपदक पडलंय, मोठ्या स्पर्धेतलं या संघाचं पहिलं. मुली एकमेकींच्या पदकांची फीत सरळ करताहेत, फोटो, आरडाओरडा, कुणीतरी लडाखी गाणं म्हणतंय आणि दोघी स्केटवरच हात हलवून नाचताहेत. संथ, गोल, जशा लग्नात नाचतात.

तासाभरात कपडे बदलणं आणि बांधाबांध. गडबडीत एक मुलगी फोनवर बोलतेय. लेहमध्ये जून म्हणजे ऐन हंगाम, पर्यटक भरलेत, घरच्या गेस्ट हाउसला हात हवेत. आई विचारतेय कधी येतेस. दुसरीची रजा संपलीय, सोमवारी ड्यूटीवर हजर व्हायचंय. तिसरी हिशोब करतेय की पुढचं सराव शिबिर होईपर्यंत महिने किती आणि तोवर पायांना बर्फ लागणार नाही तर चाकांच्या स्केटवर कुठे धावायचं.

बस लागली. हॉकीच्या बॅगा म्हणजे माणूस झोपेल एवढ्या लांब. ओल्या गाद्यांचं, बुटांचं, हेल्मेटचं सगळं ओझं त्यात. गोलरक्षकाची तर दोघांनीच उचलायची.

"तुम्ही रिकामेच आहात ना?" कुणीतरी मागून म्हणतं. "मग तिकडची बाजू धरा. आणि आपटू नका, पाती आत आहेत."